‘दक्षता’ काढताना आलेल्या अडचणी

भिसेगाव, कर्जत
२९ ऑक्टोबर २०२५

हर्षला,

कालचा फोन आधी तू ठेवलास की मी, हा वाद नको. दोघांनी एकदम ठेवला असं धरू. फोनवर आपण मामा-भाची एकाच वेळी बोलतो आणि ऐकायला कुणीच उरत नाही, म्हणून आता ईमेल. शिवाय खोपोलीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. कुणी बिघाड घेऊन आलं की मी वर न बघता म्हणायचो, ‘लेखी द्या.’ आता लेखी द्यायची पाळी माझ्यावर आली आहे. तेव्हा ज्यांना परत पाठवलं त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर हे सांगू नकोस.

तुझी आई पिशवी भरून माझ्या पुतण्याकडे, कमलेशकडे, कुंभिवलीला गेली, हे तुला तिच्याकडून कळलंच आहे. माझ्या बाजूची नोंद अशी.

रविवारी भजनी मंडळातल्या चार बायका फराळाला आल्या होत्या. ताई चहा टाकायला उठली, तिनं साखरेचं कपाट उघडलं आणि हॉलमधल्या स्पीकरनं रोजच्यासारखं, पण या वेळी सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात सांगितलं, ‘जनीताई, साखरेचं कपाट उघडलं आहे. आजची ही चौथी वेळ.’

बायकांतली एक म्हणाली, “अगं बाय, या वयात घरात सासू आणलीस काय गं?” आणि मग ज्या हसल्या त्या हसल्याच.

ताई हसली नाही. तिनं चहा केला, त्यात साखर नेहमीपेक्षा जास्त घातली, बायकांना फाटकापर्यंत पोचवलं आणि आत येऊन मला म्हणाली, “सहा वर्षं तुज्याकडं हाय मी. आता माज्यावर घरातच पाळत? ती डबी तरी राहील, नायतर मी तरी.”

मी म्हणालो, “ताई, ते यंत्राचं आपोआप होतं गं.”

“मंग आपोआप काढ,” ती म्हणाली आणि पिशवी भरायला लागली.

डबी म्हणजे आपला तो कंट्रोलर. साबणाच्या वडीएवढा आहे, पण घरातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप सगळं तोच चालवतो. त्यात मी ‘दक्षता’ नावाचं एक प्लगइन घातलं होतं, म्हणजे डबीच्या मूळ कामाला मागून जोडलेली जादा करामत. कपाटांना चिकटवलेल्या सेन्सरांवर ते लक्ष ठेवतं.

सोमवारी मी ‘दक्षता काढून टाका’ हे बटण दाबलं. ‘काढलं’ असं उत्तर आलं. मी कपाट उघडून बघितलं, आवाज नाही. मंगळवारी सकाळी स्कूटरवरून कुंभिवलीला गेलो, ताईला शब्द दिला की मुळासकट काढलंय, आणि तिला घेऊन आलो. तिनं आल्या आल्या कपाट उघडलं. ‘जनीताई, साखरेचं कपाट उघडलं आहे. आजची ही पहिली वेळ.’

ताईनं पिशवी खाली ठेवलीच नव्हती. तशीच वळली. मला म्हणाली, “लहानपणी तरी खोटं बोलताना कान लाल व्हायचे तुजे.”

मी खोटं बोललो नव्हतो गं. प्लगइन खरंच काढलं होतं. मग ते परत आलं कुठून? तू दिवसभर लोकांसाठी सॉफ्टवेअरची मदतपानं लिहितेस. एक मामासाठी लिही.

मामा

*

पुणे
३० ऑक्टोबर २०२५

मामा,

आईचा फोन आला होता. तुझ्याबद्दल चार वाक्यं बोलली, त्यातलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

आधी सोपे प्रश्न. स्पीकरची पिन का काढत नाहीस? अख्खी डबीच का काढून ठेवत नाहीस?

दोन्ही जमणार नसेल तर हे घे मदतपान. सेटिंगमध्ये जा. प्लगइनच्या यादीत ‘दक्षता’ शोध. ‘काढून टाका’ दाब. त्यानंतर डबी ‘रीस्टार्ट’बद्दल विचारेल, ते कर. हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांब. संपलं. आमच्याकडे ही पायरी सातवी पास माणसालाही जमते असं गृहीत धरतात. तुझ्यासाठी मी तेच धरते आहे.

आईच्या गोळ्या तिच्याबरोबर आहेत ना? सकाळची गोळी तिला तूच आठवण करून देत होतास. कमलेशदादाच्या टायरच्या दुकानात सकाळपासून ट्रक उभे असतात, तिथे कोण आठवण करणार? म्हणून लवकर काय ते कर.

हर्षला

*

भिसेगाव
४ नोव्हेंबर २०२५

हर्षला,

तुझ्या सोप्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, कारण त्यांत माझी अब्रू जाते आणि ती एकदा गेली की पुढचं लिहायला सोपं.

अख्खी डबी काढता येत नाही. गेल्या वर्षी उत्साहाच्या भरात घरातली साधी बटणं मीच काढून त्यांच्या जागी पांढऱ्या पट्ट्या बसवल्या. डबी काढली तर पंप लागणार नाही, पंखा फिरणार नाही आणि मी हुशार माणूस माझ्याच घरात अंधारात बसून राहीन.

स्पीकरची पिन काढतो, असं मी ताईला मंगळवारीच म्हणालो होतो. ती म्हणाली, “तोंड दाबलं म्हंजे गेलं व्हय? उद्या परत लावशील. मुळातून काढ, नायतर नको.” तिला आवाजाचा त्रास नाही. माझा शब्द खरा की खोटा, एवढंच तिला बघायचं आहे.

तर रविवारी तू सांगितलंस तसं सगळं केलं. प्लगइन गेलं. मी कपाट सहा वेळा उघडलं. एक वेळ नुसतंच, पाच वेळा आनंदानं. काल सकाळी स्कूटर काढली आणि कुंभिवली.

ताई यायला तयार नव्हती. कमलेश म्हणाला, “आत्या, जा गं एकदा, काका दोन किलोंनी उतरलेत.” ती शेवटी निघाली, पण माझ्या मागे बसली नाही. रिक्षा केली. मी पुढे स्कूटरवर आणि मागे रिक्षा, अशी आमची मिरवणूक खोपोलीवरून कर्जतला आली. दाराशी तिनं रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं आणि मला म्हणाली, “तू जा आधी. तू उघड.”

मी आत गेलो आणि छाती काढून कपाट उघडलं.

‘जनीताई, साखरेचं कपाट उघडलं आहे. आजची ही पहिली वेळ.’

“मी पदू आहे!” मी स्पीकरवर ओरडलो. चौसष्टाव्या वर्षी मी एका स्पीकरला माझी ओळख देत होतो. बाहेर रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला.

आता ती माझा फोन घेत नाही. कमलेश म्हणतो, तिनं त्याच्याकडे स्वतःसाठी वेगळी फळी मागून घेतली आहे, डबे ठेवायला. हे मला बरं दिसत नाही. पाहुणा फळी मागत नाही.

पदूमामा

*

पुणे
५ नोव्हेंबर २०२५

मामा,

फळीचं वाचून मलाही बरं वाटलं नाही.

प्लगइन मेलं आणि परत जिवंत झालं असं होत नाही. मधे काहीतरी घडतंय. डबी स्वतःची नोंदवही ठेवते, कधी काय झालं, कुणी काय दाबलं. सेटिंगमध्ये सगळ्यात खाली ‘नोंदी’ आहे. ती फाइल जशीच्या तशी मला पाठव. जशीच्या तशी. तू तुझ्या अक्षरात सारांश काढायचा नाहीस.

हर्षला

*

भिसेगाव
७ नोव्हेंबर २०२५

हर्षला,

फाइल सोबत जोडली आहे. सारांश काढला नाही, पण वाचली, आणि गुन्हेगार सापडला.

अठ्ठावीस ऑक्टोबर, सकाळी नऊ दहा: ‘वीज अचानक खंडित.’ तीन नोव्हेंबर, सकाळी नऊ पाच: ‘वीज अचानक खंडित.’ बघितलंस? दोन्ही दिवस मी ताईला आणायला गेलो आणि मागे घरातली वीज गेली. अशी मधेच वीज गेली की यंत्राची स्मृती बिघडते, हे इन्स्ट्रुमेंटवाल्याला सांगावं लागत नाही.

मी ताबडतोब विजेच्या ऑफिसात लेखी तक्रार घेऊन गेलो. तीन मुद्दे, खाली सही, तारीख. तिथल्या बाईंनी तक्रार वाचली, त्यांचं रजिस्टर उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, त्या दोन्ही दिवशी भिसेगावात वीज एक मिनिटसुद्धा गेलेली नाही. तुमच्या शेजाऱ्यांना विचारा.” मी शेजाऱ्यांना विचारलं. दोघांच्याही घरी टीव्ही चालू होता, एकाला तर मालिकेत काय झालं तेही आठवत होतं.

म्हणजे वीज फक्त माझ्याच घरची गेली, आणि तीसुद्धा मी नसताना. याचा उलगडा होत नाही.

मामा

*

पुणे
८ नोव्हेंबर २०२५

मामा,

मला होतो. बसला आहेस ना?

घरातून बाहेर पडताना तू काय करतोस? लहानपणापासून बघते आहे मी. आपण सगळे जत्रेला निघायचो, सगळे चपला घालून रस्त्यावर, आणि तू परत आत. ‘मेन बंद केला का बघतो.’ कारखान्यातली सवय. घर सोडताना मेन स्विच खाली.

नऊ दहा. नऊ पाच. आईला आणायला निघताना तूच मेन बंद करत होतास आणि परत आलास की चालू.

आता नोंदवहीतली दुसरी ओळ बघ, जी तू मला सांगितली नाहीस. डबीनं दोन्ही वेळेला विचारलं, ‘रीस्टार्ट आता की नंतर?’ आणि दोन्ही वेळेला उत्तर आहे: ‘नंतर’. मामा, प्लगइन काढलं की डबी ते आधी नुसतं बाजूला ठेवते. नीट रीस्टार्ट झाल्यावरच ते कायमचं पुसलं जातं. त्याआधी वीज तुटली तर तिला वाटतं काहीतरी अपघात झाला, आणि जुनी, सुरक्षित ठेवलेली प्रत ती परत आणते. ‘दक्षता’सकट. तू आईला आणायला गेलास म्हणूनच ते परत आलं. गेला नसतास तर आलं नसतं.

हसते आहे मी, कबूल. पण अजून एक ओळ आहे, आणि तिच्यावर हसू आलं नाही.

‘दक्षता’ स्वतःहून काही बोलत नाही. ती फक्त मोजते. काय बोलायचं तो नियम कुणीतरी लिहावा लागतो. नियम क्रमांक नऊ: ‘जनीताई, साखरेचं कपाट उघडलं आहे.’ लिहिणारा: पदू. चौदा जुलै, सकाळी अकरा चाळीस. तू आईला म्हणालास, आपोआप होतं.

आणि तुला एकट्याला बोलून मी सुटत नाही. त्याच नियमाखाली माझा नंबर आहे. तो मीच दिला होता. रोज संध्याकाळी मला आकडा येतो, आज कपाट इतक्या वेळा. मीटिंगमध्ये बसल्या बसल्या मी तो बघते आणि आईला फोन करायचा राहून जातो. आकडा बघितला की फोन केल्यासारखं वाटतं. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

हर्षला

*

भिसेगाव
१० नोव्हेंबर २०२५

हर्षला,

तुझं पत्र वाचून मी आधी विजेच्या ऑफिसात गेलो आणि तक्रार मागे घेतली. बाईंनी कारण विचारलं. मी लेखी दिलं: ‘तक्रारदार स्वतःच बिघाड आहे.’ त्यांनी ते फाइलला लावलं.

मग घरी येऊन तू सांगितलंस तसं केलं. ‘काढून टाका.’ ‘आता.’ हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत डबीसमोर स्टूल टाकून बसलो, हात मांडीखाली घेऊन, न जाणो सवयीनं उठून मेन बंद करतील. आणि त्याआधी नियम क्रमांक नऊ पुसला. लिहायला मला दोन मिनिटं लागली असतील जुलैमध्ये. पुसायला जास्त लागली.

जुलैत ताईचा रिपोर्ट आला, जेवणानंतरची साखर दोनशे नव्वद. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, गोड बंद करायला सांगा. सांगा म्हणजे मी. हर्षला, आमची आई शेतावर जायची तेव्हा मला दूधभात ताईनं भरवला आहे. स्वतः आठ-दहा वर्षांची असताना. मी रुसलो की गुळाचा खडा आणून हातात द्यायची, आणि तो तिच्या वाटणीचा असायचा. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू, खाऊ नको? तीन दिवस जेवताना शब्द जुळवले आणि तीन दिवस भातच गिळला. चौथ्या दिवशी मशीनला शिकवलं. मला वाटलं, किती सोयीचं, वाईटपणा डबीच्या माथी.

इतक्या हुशारीचं यंत्र घरात आणून मी त्याला एवढंच शिकवलं: मामाची भीती मोठ्यानं वाचून दाखव.

प्लगइन आता खरंच निघालंय. मी मुद्दाम मेन बंद करून, चालू करून बघितला. कपाट उघडलं. शांत. पण ताईला आणायला गेलो नाही. यंत्र निघालं, मी सांगितलेलं खोटं अजून कुंभिवलीतच आहे. समोर गेलो तर ती मला वाक्य पुरं करू देणार नाही, आणि तिनं करू दिलं तर मीच करणार नाही. म्हणून तिला हातानं पत्र लिहिलं आहे. कमलेशचा टेंपो उद्या टायर घेऊन इकडे येतोय, त्याच्याकडे देईन. तुझ्यासाठी खाली उतरवून ठेवतो. चार मसुदे झाले. पहिल्यात मी यंत्राची रचना समजावली होती.

‘ताई,

कपाटाबद्दल बोलणारं यंत्र नव्हतं. ते वाक्य मी लिहून घातलं होतं. आपोआप होतं असं तुला सांगितलं ते खोटं. तुझी साखर वाढली आहे, मला भीती वाटते, आणि तुला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. बायकांसमोर तुझं हसं झालं ते माझ्यामुळे. सगळं आता काढून टाकलं आहे, पण तुला येववत नसेल तर ये म्हणणार नाही. सकाळची गोळी घे.

पदू’

मामा

*

पुणे
११ नोव्हेंबर २०२५

मामा,

पत्र चांगलं आहे. शेवटच्या ओळीत तू परत नियम लिहिलास, पण असू दे.

मी आज आईला फोन केला आणि माझ्या नंबराचं सांगून टाकलं. ती म्हणाली, “ठेव आता, दुकानात गिऱ्हाईक हाय.” दुकान टायरचं आहे, मामा. ती तिथं काय विकत होती कोण जाणे. मी सबंध दुपार काम केलं नाही.

काही कळलं तर कळव. इथे आता आकडा येत नाही.

हर्षला

*

कुंभिवली
१४ नोव्हेंबर

पदू,

तुजं पत्र पोचलं. कमलेशनं वाचून दाखवू का म्हनलं, मी नाय म्हनलं. चौथी शिकलेली हाय मी, अक्षर तुजं कोंबडीच्या पायासारखं असलं तरी लागतं मला.

मला ठाऊक व्हतं. पयल्या दिवसापासून. अरं, मी त्या बायकांच्या चहाला साखर काढत व्हते. कपाट कशाला उघडलं ते ठाऊक नसताना मोठ्यानं बोलनारा आपल्या घरात एकच हाय, आनि तो काय डबी नाय.

हसल्या त्या बायका, त्याचं काय नाय. मी बी त्यांच्यावर हसते. पन तू माज्यासमोर बसून भात गिळायचास आनि भिताडाकडून बोलवायचास. मला वाटलं, पदू म्हातारा झाला, माज्याशी बोलायचं संपलं त्याचं. म्हनून आले इकडं. साखरेसाठी नाय आले.

आनि तू दोनदा आलास नि दोनदा यंत्र निघालं म्हनून सांगत बसलास. यंत्राचं कोन विचारतंय? मी वाट बघत व्हते, हा आता बोलेल, मग बोलेल. कर्जतपर्यंत रिक्षातून तुजी पाठ बघत आले.

आता लिहिलंस. बरं केलंस. गोळी घेते. एक दिवस चुकली, मंगळवारी. बाकी नाय.

सोमवारी येते. तू न्यायला येऊ नको. घरात बस, आनि हर्षलानं सांगितला तो तुजा मेनचा खटका खाली करू नको म्हंजे परत नाटक नाय. कमलेशचा टेंपो सोडील मला.

डॉक्टरनं काय काय बंद करायला सांगितलंय ते कागदावर लिहू नको. सोमवारी जेवायला बसलो की मला तोंडानं सांग. मी आईकेन. भांडेन बी. थोडी साखर चहात घालीन, ती बघून तू गप नाय बसायचं.

हर्षलाचा फोन आलावता. पोर रडकुंडीला आलीवती, मला काय बोलायचं सुचलं नाय म्हनून गिऱ्हाईक हाय सांगितलं. तिला कळव, आईनं किती खाल्लं ते आईला विचारायचं. रोज नको, आठवड्यातनं दोनदा केला फोन तरी पुरे. मी कदी खरं सांगीन, कदी खोटं सांगीन. पन सांगीन मीच.

जनी